सहा माणसं, पाच सीटा आणि सव्वासात फुटी गेट

'काका, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे, फौंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. माझं वय ३९. घरात आई, बाबा, बायको, १३ आणि ९ वर्षांची दोन मुलं. सध्या २०१८ ची इनोव्हा क्रिस्टा आहे, १ लाख ३० हजार किलोमीटर झालीत. ती एक्स्चेंजला देऊन लक्झरी एसयूव्ही घ्यायची म्हणतोय. बीएमडब्ल्यू एक्स५ डिझेल, मर्सिडीज जीएलई ३००डी आणि ऑडी क्यू७, तिन्हींची टेस्ट ड्राइव्ह घेतली. तिन्ही भारीच वाटल्या. ब्रोशर वाचून डोकं फिरलंय. बाबांचं एकच, "फॉर्च्युनर घे आणि गप बस." रोजचं जाणं घर ते शिरोली, महिन्यातून दोनदा पुणे, वर्षातून दोन-तीनदा वैभववाडीकडं आजोळी. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. घर शुक्रवार पेठेत, जुनं, गेट सव्वासात फूट. शिवाय ओळखीतला एक दलाल २०१८ ची क्यू७ निम्म्याहून कमी पैशात देतो म्हणतोय. फीचर्स आणि परफॉर्मन्समध्ये एक नंबर कुठली, तेवढं सांगा. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेऊ की माझ्या?'

— एक वाचक, कोल्हापूर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बोटं मोजली. आई, बाबा, तुम्ही, वहिनी, दोन मुलं. सहा झाली. एक्स५ आणि जीएलई आपल्याकडं पाच सीटच्या मिळतात. सव्वा कोटीच्या गाडीत आजोळी जाताना सहावं माणूस कुठं बसणार, हे तीन शोरूम फिरून आलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही आणि शोरूमवाल्यांनीही विचारलं नाही. ते विचारणार नाहीतच. त्यांना तुमचं घर माहीत नाही, फक्त बजेट माहीत आहे.

उद्यमनगरातल्या गाळ्यात तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली. त्या अनुभवावर सांगतो, 'एक नंबर कुठली' हा प्रश्न विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. गाडीचं माप आपल्या घरानं, आपल्या रस्त्यानं आणि आपल्या माणसांनी काढायचं असतं. तुम्ही रोज मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग न बघता तुम्ही कधी जॉब मशीनवर चढवला आहे का? इथं तेच झालंय. ड्रॉइंग घरात आहे आणि तुम्ही मशीनच्या कॅटलॉगमध्ये बघत बसलाय.

सातवी सीट फक्त क्यू७ ला आहे. पण तिसऱ्या रांगेत ९ वर्षांचं पोरगं मावेल. तेरा वर्षांचं आत्ता कसंबसं बसेल आणि दोन वर्षांनी त्याचे गुडघे हनुवटीला लागतील. शिवाय ती रांग उभी केली की डिकीत दोन हँडबॅगांपुरती जागा उरते. कोकणातनं येताना फणस आणि कोकमाचे डबे मांडीवर घेऊन यायचे असतील तर माझं काही म्हणणं नाही. म्हणून पहिला सल्ला नव्या गाडीबद्दल नाहीच, जुन्या गाडीबद्दल आहे. क्रिस्टा देऊ नका. एक लाख तीस हजार म्हणजे त्या इंजिनाचं अजून लग्नाचं वय. एक्स्चेंज बोनस म्हणून जे काय मिळेल त्यापेक्षा वर्षातून दोन-तीनदा सहा माणसं आणि सामान घेऊन निघायची सोय मोलाची आहे. क्रिस्टा घरात राहिली की नवी गाडी पाच माणसांची चालते, आणि मग निवड एकदम सोपी होते.

आता परफॉर्मन्स. एक्स५ च्या ३०डी ला तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, २८६ हॉर्सपॉवर, ६५० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. जीएलई ३००डी ला दोन लिटरचं चार सिलिंडरचं, २६९ हॉर्सपॉवर, ५५० टॉर्क. क्यू७ पेट्रोल, तीन लिटर व्ही६, ३४० हॉर्सपॉवर, ५०० टॉर्क. शून्य ते शंभर धरायला कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे क्यू७ ला ५.६ सेकंद, एक्स५ ला ६.१, जीएलईला ६.९. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीत फरक १.३ सेकंदांचा. कावळा नाक्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर पुढची रिक्षा हलायला याहून जास्त वेळ लागतो.

हॉर्सपॉवरचा आकडा गप्पांसाठी ठेवा, टॉर्कचा घाटासाठी. वैभववाडीहून करूळ घाट चढताना वळणावर पुढं लोड ट्रक येतो, गाडी तीस-पस्तीसवर येते, आणि मग पुढचा सरळ तुकडा संपायच्या आत तुम्हाला त्याच्या पुढं जायचं असतं. तिथं इंजिन चार हजारावर नेऊन ओरडवायला लागलं की मागं बसलेल्या आईच्या हातातली माळ थांबते. डिझेलचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच हजर असतो, त्यामुळं गाडी न ओरडता निघते. एक्स५ चं इंजिन या बाबतीत तिन्हींत सरस, हे मी डोळे झाकून सांगतो. जीएलई ३००डी कमी पडत नाही, पण लोड आला की चार सिलिंडरचा आवाज केबिनमध्ये डोकावतो. क्यू७ चं पेट्रोल लोण्यासारखं चालतं. मात्र पंपावर जाल तेव्हा त्याची भूक कळेल. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल फिरून आपल्याच टाकीत येतं याचा अभिमान जरूर बाळगा, पण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा फटका धरून चाला.

डिझेलची दुसरी बाजूही सांगायला हवी. बीएस६ म्हणजे प्रदूषणाच्या सध्याच्या नियमातल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगलं तापावं लागतं. तुमचं रोजचं जाणं आठ-दहा किलोमीटरचं, तेही सिग्नल खात. एवढ्यात इंजिन जेमतेम गरम होतं आणि तुम्ही बंद करता. ज्याचं रनिंग फक्त एवढंच आहे त्याला मी डिझेल घेऊ देत नाही. तुम्हाला वाचवतात त्या पुण्याच्या दोन फेऱ्या. जाऊन-येऊन साडेचारशेच्या पुढं किलोमीटर हायवेला पडली की जाळी साफ होत राहते. एखाद्या दिवशी कारखान्याच्या दारात गाडी लावताना आयडलिंग नेहमीपेक्षा चढं वाटलं, फॅन मोठ्यानं चालू राहिला, जरा तापल्याचा वास आला, तर बंद करू नका. आणखी दहा-पंधरा मिनिटं सांगली फाट्याकडं फिरवून आणा. आणि ट्रकवाले ज्याला युरिया म्हणतात ते ॲडब्लू संपत आल्याचा इशारा आला की उद्या बघू म्हणायचं नाही. ते पुरतं संपलं तर एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही.

इंजिनापेक्षा जास्त वेळ मी टायरवर घालवेन. गाड्या बघायला जाणारे लोक टायरला लाथ मारून बघतात, त्यावर लिहिलेलं वाचत नाहीत. एक्स५ ला २१ इंची चाक लावलं की पुढचा टायर २७५/४० होतो. म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर आणि कडेची उंची तिच्या ४० टक्के, ११० मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये फक्त तेवढं रबर. बाबांच्या फॉर्च्युनरचा १८ इंची टायर २६५/६०, म्हणजे १५९ मिलिमीटर. जवळजवळ पाच सेंटीमीटर जास्त गादी. शिरोली एमआयडीसीतले आतले रस्ते जुलैत कसे असतात हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे अंबाबाईला महाद्वार दाखवण्यासारखं आहे. मोठं चाक शोरूममध्ये झकास दिसतं, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात रिमला भेग पडते किंवा टायरच्या कडेला फोड येतो, आणि फोड आलेला टायर दुरुस्त होत नाही. म्हणून मिळत असेल तिथं लहान चाकाचं व्हेरियंट घ्या. सेल्समन म्हणेल, 'सर, लूक जातो.' जाऊ द्या.

स्टेपनी कसली मिळते हेही डिकीचा तळ उचलून स्वतः बघा. बारीक टेम्पररी चाक असेल तर त्यावर ताशी ८० च्या वर जायचं नसतं. रन-फ्लॅट टायर असतील तर पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटर काढता येतात. गगनबावड्याला रात्री पंक्चर झालं तर कोल्हापूर गाठता येईल एवढं अंतर. पण ते टायर कडक असतात आणि रस्त्यावरची प्रत्येक खडी सीटपर्यंत कळवतात.

आता टेस्ट ड्राइव्ह. तुम्ही घेतली ती टेस्ट ड्राइव्ह नव्हे, पाहुणचार. शोरूममधून निघायचं, गुळगुळीत हायवेवर पाच किलोमीटर, सेल्समन शेजारी, एसी फुल, म्युझिक सिस्टिमवर गाणं, परत. त्यात तिन्ही भारी वाटणारच. परत जा आणि गाडी दोन-तीन तासांसाठी मागा. सव्वा कोटीच्या गिऱ्हाइकाला कोणी नाही म्हणत नाही. सोबत आई, बाबा आणि वहिनींना घ्या. सेल्समन पाचवा. एवढं वजन पाहिजेच, कारण रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात.

आधी पेठेतून निघा, गंगावेशीतून शिवाजी पुलावर. तिथून वडणगे फाटा, केर्ली आणि वर पन्हाळा. जाताना तुम्ही चालवा, येताना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसा. ही अट मी सगळ्यांना घालतो आणि निम्मे लोक पाळत नाहीत. मालक असून मागं काय बसायचं, म्हणतात. मागं बसा आणि खिशात घडी करून नेलेल्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचून बघा. पाच मिनिटं न मळमळता वाचता आल्या तर सस्पेन्शन चांगलं. अक्षरं नाचायला लागली तर ब्रोशरमध्ये त्याला कितीही गोड नाव दिलेलं असो, ते तुमच्या आईला झेपणार नाही. वळणावर मांड्या सीटमध्ये धरल्या जातात की अंग दाराकडं घसरतं, तेही मागंच कळतं.

उतरताना ब्रेककडं लक्ष द्या. या गाड्यांचं वजन दोन टनांच्या पुढं आहे. वेग ८० वरून १२० वर गेला की थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोन पट होते. गणित वेगाच्या वर्गाचं आहे, गाडीच्या ब्रँडचं नाही. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरायची सवय असेल तर पॅड तापून गाडी थांबायला वेळ घेते. स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर खाली आणून इंजिनावर गाडी धरून बघा. पेट्रोल आणि डिझेलमधला फरक इथंही जाणवेल.

मग हायवे. किणी टोलनाक्याच्या पुढं मोकळा तुकडा बघून ६० वरून १०० पर्यंत गाडी किती सहज जाते ते बघा. शून्य ते शंभर आयुष्यात कितीदा करणार? साठ ते शंभर रोज करावं लागतं. शंभरावर असताना आवाज न चढवता मागच्यांशी बोला. टायरचा आवाज, आरशावर फाटणारा वारा हे सगळं तेव्हा ऐकू येतं. म्युझिक बंद ठेवा. सेल्समन दोनदा तरी चालू करेल.

फीचर्समध्ये मी फारसा रमत नाही, पण दोन-तीन गोष्टींवर बोलायला हवं. एसीचं तापमान कमी करायला स्क्रीनमध्ये शिरावं लागतं की बोटाला लागणारं बटण आहे? नव्या एक्स५ मध्ये ते स्क्रीनवर गेलंय, क्यू७ मध्ये खालच्या वेगळ्या टचस्क्रीनवर आहे, जीएलईत बटणांची रांग अजून शाबूत आहे. एप्रिलमध्ये दुपारी दोनला, समोर दुचाकीवर तिघं, अशा वेळी मला बटण पाहिजे. तुमचं वय तरुण आहे, तुम्हाला चालेल कदाचित. पॅनोरॅमिक सनरूफ मुलांना आवडणार, त्यात वाद नाही. फक्त त्याच्या कडेची पाणी जायची भोकं पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्या. झाडाखाली लावलेल्या गाडीत पाला अडकतो आणि गगनबावड्याचा पाऊस थेट छताच्या कापडातून मांडीवर येतो. सीटला हवा फेकणारा पंखा मात्र आपल्या उन्हाळ्यात खरा उपयोगाचा, तो तुमच्या व्हेरियंटमध्ये आहे का हे यादीत बघू नका, बटण दाबून बघा.

आणि दिवे. ऊस हंगामात रात्री सातनंतर कुठल्याही रस्त्यानं जाऊन बघा. दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाजूनं वाड्यासकट ऊस बाहेर आलेला. चांगले मॅट्रिक्स हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात न जाता कडेची साइडपट्टी दाखवतात, आणि इथं मी पैसे मोजायला तयार आहे. आपोआप ब्रेक लावणारं रडार त्या ट्रॉलीला ओळखेलच, यावर मात्र विसंबू नका. गाडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की ही मदत आहे, जबाबदारी चालवणाऱ्याची. दिवे घेताना एवढंच लक्षात ठेवा की अशा एका हेडलाइटची किंमत लाखाच्या पुढं जाते. पेठेत पार्किंगमध्ये कुणी मोपेड घासली तर रडू नका, विम्यात झिरो डेप घ्या, म्हणजे भागांची झीज वजा न करता भरपाई मिळते.

विम्यावरून पूर आठवला. शुक्रवार पेठेत राहता म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे तुम्हाला पाठ असणार. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. 'एसयूव्ही आहे, हवेच्या फुग्यांवरच्या एअर सस्पेन्शननं वर उचलू आणि जाऊ' हा विचार पुराच्या पाण्यात करायचा नाही. इंजिनाच्या हवेच्या वाटेनं थोडंसं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला गेलात तर खेळ खल्लास, आणि विमा कंपनी त्याला तुमची चूक म्हणते. इंजिन प्रोटेक्शनची जोड पॉलिसीत घ्याच.

दलालाची २०१८ ची क्यू७. तेव्हा ती तीन लिटर डिझेलमध्ये मिळायची, गाडी म्हणून उत्तम. पण २०१८ ची गाडी, आणि हा सांगली-कोल्हापूरचा पट्टा; मध्ये दोन महापूर गेलेत. माझ्याकडं एकानं अशीच एक चकचकीत गाडी तपासायला आणली होती, ब्रँड सांगत नाही. बाहेरून नवी, आत अत्तराचा वास. अत्तराचा वास आला की मी आधी सीटबेल्ट ओढतो. शेवटपर्यंत ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर फिकट तपकिरी रेघ, सरळ, पाणी जिथवर चढलं तिथवरची. मग सीट सोडली. सीटखालच्या बोल्टच्या आट्यांमध्ये राखाडी गाळ बसलेला, वाळून सिमेंटसारखा झालेला. बोटावर घेऊन चोळला तर मैद्याहून बारीक. शॅम्पूनं धुऊन, पॉलिश करून सगळं निघतं, बोल्टच्या आट्यातला पंचगंगेचा गाळ निघत नाही. अशा गाडीत सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर हळूहळू हिरवे होत जातात. आज खिडकी बंद पडते, सहा महिन्यांनी गिअरबॉक्सचा मेसेज येतो. म्हणून बेल्ट ओढा, कार्पेट उचला, स्टेपनीचा खड्डा बघा. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो. २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ३५ हजार किलोमीटरच चालली म्हणतात आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर मधले टायर कुठं झिजले ते विचारा. आणि शोरूमची सर्व्हिस हिस्ट्री दलालाच्या मोबाइलवर नको, वर्कशॉपमधून काढा. मला विचाराल तर, एवढा जुना एअर सस्पेन्शनचा रबरी फुगा आणि कॉम्प्रेसर म्हणजे वाट बघत बसलेला खर्च. मी ही गाडी सोडून देईन.

नावाचा प्रश्न. इंजिनिअरिंगवाल्याला वाटतं कंपनीच्या नावावर घेतली की जीएसटीचा सेट-ऑफ मिळेल, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी कंपनीच्या जीएसटीतून वळता होईल. मिळत नाही. तेरापर्यंत माणसांच्या गाडीवर, ती स्वतःच्या वापरासाठी असेल तर, ही वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, बंद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांवर लागणारा ४० टक्के जीएसटी पूर्ण तुमच्या खिशातून. डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, मात्र १५ टक्क्यांनी दाखवता येतं. उलट बाजूनं, महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर सरळ २० टक्के. कोटीच्या डिझेल गाडीवर हा फरक पाच लाखांचा. डेप्रिसिएशनमध्ये वाचणारा कर आणि हे पाच लाख, दोन्ही कागदावर समोरासमोर मांडून घ्या. तुमच्या सीएला अर्धा तास पुरेल. शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतं तो रिटर्नमध्ये वळता होतो, ती पावती जपा.

बाबांबद्दल. त्यांना वेड्यात काढू नका. फॉर्च्युनरची चेसी वेगळी, ट्रकसारखी. त्यामुळं खड्ड्यात ती हलते, वळणावर कलते, मागच्या सीटवर जीएलईतला आराम नाही. पण ती कुठंही दुरुस्त होते, विकताना चार माणसं दारात येतात आणि टायर फुटला तर मार्केट यार्डातसुद्धा मिळतो. ते जे म्हणतायत ते गाडीबद्दल नाही, बंद पडल्यावर काय, याबद्दल आहे. या प्रश्नाचं उत्तर तुम्हीही शोधा. तुमच्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप कुठं आहे, तिथं तुमच्या मॉडेलच्या ब्रेक पॅड आणि एअर सस्पेन्शनचे भाग स्टॉकला असतात का, घाटात गाडी बंद पडली तर फ्लॅटबेड किती तासांत येते, हे विक्री विभागाला नाही, सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन विचारा. जीएलई चाकणला, क्यू७ छत्रपती संभाजीनगरला, एक्स५ चेन्नईला जोडली जाते, तरी बरेच भाग बाहेरून येतात. एखाद्या सेन्सरसाठी तीन आठवडे गाडी उभी राहिली तर क्रिस्टा दारात असल्याचा तुम्हाला आनंद होईल.

आणि मोठेपणा मिरवायचा असेल तर लाजू नका. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायचं सोडून निम्मा कोल्हापूर तिच्याकडं बघत असतो. आपल्याकडं गाडीचं वेड पिढीजात आहे.

आता माझा कौल. क्रिस्टा ठेवा, एक्स५ ३०डी आणि जीएलई ३००डी या दोनच समोर आणा, आणि निकाल आईंच्या हातात द्या. त्यांना दोन्ही गाड्यांत मागच्या डाव्या दारातून तीन वेळा चढू-उतरू द्या, एकदा साडीत. गुडघा दुखणाऱ्याला फार उंच गाडी चढायला त्रास, फार खोल सीट उठायला त्रास. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी खाली करून पुन्हा बघा. दाराच्या वरच्या बाजूला धरायला मूठ आहे का, उंबऱ्यासारखा सांधा किती रुंद आहे, पाऊल टेकताना साडी चिखलाला लागते का, हे त्या न विचारता सांगतील. इंजिन माझ्या मते एक्स५ चं चांगलं, पण आईंनी जीएलई म्हटलं तर मी जीएलई घेईन.

आणि बुकिंगच्या आधी गेट मोजा. सव्वासात फूट म्हणजे २२१० मिलिमीटर. एक्स५ ची रुंदी आरसे सोडून २००४. क्रिस्टा १८३० ची होती, म्हणून आजवर तुम्हाला काही जाणवलं नाही. आरसे मिटून घेतले तरी दोन्ही बाजूंना चार-चार बोटांच्या आसपास उरतात, आणि तेही गाडी रस्त्यावरून सरळ आत शिरत असेल तर. वळायलाच तिला बारा मीटरच्या आसपास घेर लागतो. तुमच्या बोळाची रुंदी मला माहीत नाही. एकदा डेमो गाडीच घरापर्यंत आणायला सांगा. गेट रुंद करायची वेळ आली तर वेल्डरला बोलावण्याआधी पाण्याचा मीटर कुठल्या खांबाला आहे ते बघा, आणि दुसऱ्या बाजूचा खांब पाडा.